दोन-शून्यवर दुकान बंद

"हे पुढं आहेत ना? मग मागं का पळतायत?"

प्रश्न मला बघायला आलेल्या मुलानं विचारला होता, आणि विचारला होता आपल्या आईला. आईला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं तो आमच्या आक्काआत्तीकडं सरकवला. आत्तीला त्याहून कमी कळत होतं. तिनं शेंगांची पुडी पुढं केली.

"दमली असतील पोरं. घ्या, शेंगा घ्या."

मी मान खाली घालून बसले होते, कारण बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलीनं तसंच बसायचं असतं. पण मान खाली घालून मॅच दिसत नाही. म्हणून सारखं पदर सावरायचं निमित्त काढून मला वर बघावं लागत होतं. एवढा पदर सावरणारी मुलगी म्हणून पाहुण्यांच्या मनात माझ्याविषयी फार चांगलं मत झालं असणार.

लोक मुलगी दाखवायला घरी पोहे करतात. आमच्याकडं त्या दिवशी चूलही धड पेटली नव्हती, कारण बुरूज तालमीशी फायनल होती आणि माझे वडील, बळवंत इंगवले, चिंचबाग तालमीच्या टीमचे कोच होते; आमच्याकडं तालमीत कुस्तीइतकाच फुटबॉल चालतो. सगळी पेठ त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणायचे. पाहुण्यांना तारीख त्यांनीच दिली होती. मग फायनल पुढं ढकलली गेली आणि नेमकी त्याच रविवारी आली. पाहुण्यांना नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि फायनलला नाही म्हणणं कोल्हापुरात कुणाला जमलेलं नाही. नानांनी इस्लामपूरला निरोप धाडला, "या, स्टेडियमातच बघू. तितं वारं चांगलं असतंय." इस्लामपूरचे खराडे साधे लोक. आले. आई नसलेल्या मुलीला बघायचं तर कुठंही बघितलं तरी आत्तीशेजारीच बघायचं, असा त्यांनी विचार केला असेल.

मुलगा अविनाश, साखर कारखान्यात केमिस्ट. गोरा, चष्मा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याच्या आईला मी मॅच सुरू व्हायच्या आधीच पसंत पडले होते. मॅच संपली की घरी जायचं, सहा वाजता सुपारी फोडायची, असं मध्यंतरात ठरूनही गेलं. म्हणजे तिकडं शेवटची शिट्टी वाजायची आणि इकडं माझीही वाजायची.

पंचाईत एवढीच होती, की ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो मैदानात पळत होता. नऊ नंबरचा शर्ट घालून.

रावसाहेब चौगले. उद्यमनगरात लेथवर कामाला, संध्याकाळी आमच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. एकदा गोलसमोर शिरला की मध्ये कोण आहे हे बघायचा नाही. बुरूज तालमीच्या गोलीला त्यानं एकदा बॉलसकट जाळ्यात घातला होता, आणि गोली उठला तेव्हा त्यानंच त्याला हात दिला होता. मध्यंतराआधीचे दोन्ही गोल त्याचेच होते.

आमचं वर्षभर चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काय, तो आमच्या घरी बॉलमध्ये हवा भरायला यायचा. तालमीचा पंप नानांकडं असायचा. मी आतल्या दारात उभी, तो सोप्यात पंप मारतोय, आणि नाना बाकड्यावर सुपारी कातरत बसलेले. हवा भरून झाली की नाना विचारायचे, "आणि काय, रावसाहेब?" आणि हा वाघ म्हणायचा, "काय न्हाई नाना. येतो." त्या वर्षी आमच्या तालमीचे बॉल इतके टणक झाले होते की हेड मारून पोरांची डोकी दुखायची.

मी कितींदा सांगितलं, नानांना विचार. "वैजू, आत्ता नको," तो म्हणायचा. "नाना खूश हायती माझ्यावर. उगंच बोलून कशाला इस्कटायचं? लीग हू दे." लीग झाली. "सेमीफायनल हू दे." तीही झाली. इस्लामपूरचे पाहुणे येणार म्हणून सांगितलं, तर म्हणाला, "येऊ देत की. बघून जातील." जसं काय पाहुणे पन्हाळा बघायला येणार होते.

मला राग यायचा, पण त्याचं कारणही मला माहीत होतं. आईवडील लहानपणीच गेलेले, चुलत्याच्या घरात वाढलेला. ताटात पडलंय ते आधी झाकून ठेवायचं, एवढंच तो शिकला होता. नानांनी त्याला टीममध्ये घेतलं, घरात येऊ दिलं, हे त्याच्या दृष्टीनं एवढं मोठं होतं की आणखी काही मागितलं तर हेही परत घेतील असं त्याला वाटायचं. माणसाची कीव यावी आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटावा, तसं माझं व्हायचं.

आणि नाना. त्यांचं फुटबॉलचं शास्त्र एका वाक्याचं होतं. दोन गोल झाले की दुकान बंद. जेवताना ताटात शेंगदाणे मांडून ते मला समजावून द्यायचे. अकरा शेंगदाणे आपल्या गोलपुढं, समोरच्यांचे काय पाहिजे ते होऊ द्या.

"तिसरा का घालायचा न्हाई, नाना? ते घाबरलेले असतात की."

"तिसऱ्याच्या नादात पयला जातोय."

"आणि मागं बसलं की त्यांना आपल्या दारात यायला आपणच वाट देतोय, ते?"

"दार लावलेलं असतंय न्हवं," नाना म्हणायचे आणि बुरूज तालमीचा सेंटर फॉरवर्ड तोंडात टाकायचे. ते स्वतः तरुणपणी गोली होते. जगातल्या सगळ्यांनी आपल्यापुढं येऊन उभं राहावं असं गोलीला वाटायचंच. चिंचबागेला तोपर्यंत एकदाही कप मिळाला नव्हता. नाना खेळत होते तेव्हा नाही, कोच झाले तेव्हाही नाही. त्या एका कपासाठी त्यांनी किती वर्षं घातली होती ते सगळ्या पेठेला माहीत होतं.

तर मध्यंतरानंतर नाना बाकावरून उठले, लाइनीपाशी आले आणि दोन्ही हात वर नेऊन शटर ओढल्यासारखे खाली आणले. आमची सगळी टीम मागं सरकली. नऊ नंबरसुद्धा सरकला. रावसाहेब आमच्या बाकाच्या बाजूला, पार मागं, बॅकच्या जागेवर येऊन उभा राहिला. समोरच्या गोलपाशी बुरूज तालमीचा गोली एकटाच कमरेवर हात ठेवून उभा होता. वर्षातून पहिल्यांदा त्याला विश्रांती मिळाली असेल.

आमच्या बाजूची हलगी जोरात वाजत होती आणि टीम वेळ काढत होती. वेळ काढणं ही त्या काळी कला होती. कुणाचे बूट सुटत होते, कुणाच्या पोटात कळ येत होती. रावसाहेबानं तर शिट्टी झाल्यावर बॉल असा मारला की तो भिंतीवरून थेट रस्त्यावरच्या रसाच्या गाड्याकडं गेला. रेफ्री बेळगावचा होता, फायनलला बाहेरचाच आणायची पद्धत आहे. त्यानं शांतपणे खिशातून पिवळं कार्ड काढलं. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पिवळं म्हणजे?" अविनाशनं विचारलं. यावेळी आईला नाही, माझ्याकडं बघून.

"ताकीद," मी म्हणाले.

"आणि परत मिळालं तर?"

"दुसरं पिवळं म्हणजे लाल. बाहेर. बदली माणूससुद्धा मिळत नाही, टीम दहा जणांवर."

त्याच्या आईनं माझ्याकडं चमकून बघितलं. मुलगी बोलते, हे तिला नव्यानं कळलं. आत्तीनं मला कोपरानं ढोसलं आणि पुडी पुन्हा पुढं केली.

तेवढ्यात बुरूज तालमीनं गोल केला. करणारच. किती वेळ ते आमच्या दारात उभे होते. समोरचा सगळा स्टँड उठला आणि आमची हलगी एकदम खाली बसली. दोन-एक. नाना लाइनीपाशी उभे राहून पुन्हा शटर ओढत होते, आणखी खाली, जमिनीपर्यंत.

"एक सांगू का?" अविनाश म्हणाला. "मला यातलं कळत नाही. पण आमच्या कारखान्यात उसाला उतारा चांगला लागला म्हणून कुणी गाळप बंद करत नाही. उलट तेव्हाच जोरात चालवतात."

मला हसू आलं. माणूस वाईट नव्हता, आणि खरी भीती तीच होती. त्याला नाकारायला माझ्याकडं एकही कारण नव्हतं. नाक सरळ, नोकरी सरळ, बोलणंसुद्धा शहाण्यासारखं. सहा वाजता सुपारी फुटली असती, मी मान खालीच ठेवली असती, आणि रावसाहेब आयुष्यभर कुणाच्या तरी सोप्यात बॉलला हवा भरत बसला असता. मला तिथं बसून हे सगळं लख्ख दिसलं.

मी उठले.

"कुठं निघालीस?" आत्ती.

"पाणी पिऊन येते."

"पाणी हितं हाय की तांब्यात."

"तिकडचं गार आहे," मी म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

खाली दोरी लावली होती आणि दोरीपाशी एक हवालदार. "बाई, हितनं जाता येत न्हाई."

"कोचांची मुलगी आहे मी. त्यांची बीपीची गोळी द्यायची आहे."

नानांना तोपर्यंत बीपी नव्हतं. ते त्या संध्याकाळपासून सुरू झालं.

हवालदारानं दोरी वर केली. बदली पोरं गोलमागं पाय मोकळे करत होती, बाक रिकामं होतं, आणि नाना लाइनीवर एकटे उभे होते. अंगावर हिरवी जरीकाठाची साडी, केसांत गजरा, अशी मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्या मैदानात त्या जागी एवढं नटून कोणी उभं राहिलं नसेल.

"नाना."

त्यांनी वळून बघितलं नाही. "पाहुण्यांना एकटं सोडून आलीस?"

"मला ते लग्न करायचं नाही."

"मॅच चालू हाय, वैजू."

"म्हणूनच आले. संपल्यावर तुम्ही जिंकलेले असाल न्हाईतर हरलेले असाल. दोन्ही टायमाला तुम्ही कुणाचं ऐकत न्हाई."

"सुभ्या, धर त्याला, आत घुसू देऊ नगंस," नाना मैदानाकडं ओरडले. मग मला म्हणाले, "कुणासंगं करायचंय मग?"

मी बोट दाखवलं. बोट दाखवायला लांब जावं लागलं नाही, नऊ नंबर आमच्यापुढंच उभा होता.

"म्हाईत हाय," नाना म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"वरीसभर हवा भराय येतोय. येवढी हवा ट्रॅक्टरच्या चाकाला लागत न्हाई. मी काय खुळा हाय?"

हलगी पुन्हा सुरू झाली होती, तिच्या दणक्यात मला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "मग तुम्ही का बोलला न्हाईसा?"

"मी का बोलू? ज्याला पायजे त्यानं मागावं. रोज इचारतोय की त्याला, आणि काय, आणि काय. उघडलं का तोंड?"

"आणि हे पाहुणे?"

नानांनी टोपी काढून डोकं पुसलं. "म्हटलं, पाहुणे येणार म्हटल्यावर तरी गडी पुढं येईल. न्हाई आला. आता पाहुणे चांगले निघाले, त्याला मी काय करू?"

"पुढं येईल कसा? तुम्हीच त्याला मागं उभा केलाय."

"ते मॅचमधलं. घरात मी कधी दार लावलंय?" पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे बघ वैजू. सहाच्या आत त्यानं स्वतःच्या तोंडानं इचारलं, तर मी पाहुण्यांच्या पाया पडून माफी मागीन. न्हाई इचारलं, तर तू कितीबी सांग, ज्याला मागायचं धाडस न्हाई त्याच्या हातात मी पोरगी देणार न्हाई. सुपारी फुटंल."

मला रडू यायच्या आत बॉल बाहेर गेला. बरोबर आमच्यासमोर. थ्रो आमचा. आणि थ्रो टाकायला आला रावसाहेब.

त्यानं बॉल उचलला, लाइनीवर आला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि मग त्याला मी दिसले.

"वैजू? तू हितं काय करालीस?"

"मी नानांना सांगितलं."

"काय?"

"सगळं."

त्याचे हात वरच राहिले. दरोडेखोरानं बंदूक रोखल्यावर माणूस उभा राहतो तसा तो बॉल डोक्यावर धरून उभा. मैदानातून आमची पोरं ओरडत होती, "टाक की रं!" रेफ्री पंधरावीस पावलांवर उभा राहून घड्याळाकडं बघत होता.

"थ्रो टाक," नाना म्हणाले.

"नाना," रावसाहेब म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

वर्षभराची सवय. तोंडातून आपोआप निघालं. नानांनी मान फिरवली.

"रावसाहेब," मी म्हणाले, "सहाला सुपारी आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं बघितलं. घाम डोळ्यांत जात होता आणि बॉल हातात असल्यामुळं त्याला तो पुसताही येत नव्हता.

"नाना, मला वैजू पायजे," तो म्हणाला. "लेथवर हाय, घर चुलत्याचं हाय, माझ्याकडं दाखवायसारखं काय न्हाई. पर मला पायजे. पाहुण्यांना न्हाई म्हणून सांगा."

"येवढं बोलायला वरीस लागलं?"

"व्हय."

"दिली," नाना म्हणाले. "आता थ्रो टाक."

शिट्टी वाजली.

बेळगावचा रेफ्री सावकाश चालत आला. आधी पिवळं काढलं, वर धरलं, खिशात ठेवलं. मग लाल काढलं. समोरच्या स्टँडमध्ये जो आवाज उठला तो मी अजून विसरलेले नाही. रावसाहेब तसाच उभा होता, बॉल अजून डोक्यावर, आणि तोंडभर हसत होता. लाल कार्ड मिळाल्यावर हसणारा माणूस त्या रेफ्रीनं पहिल्यांदाच बघितला असावा.

"सायेब, ह्यो टाईम काढत नव्हता," नाना म्हणाले.

"मग काय करत होता तर? बॉल घेऊन गप उभारला, मी बघितलो की हो."

नानांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. मग वर, हजारो माणसं बसलेल्या स्टँडकडं बघितलं. आणि तोंड मिटलं. "बरं," ते म्हणाले, आणि रावसाहेबाच्या हातातला बॉल काढून घेऊन रेफ्रीच्या हातात दिला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. दहा जणांनी दुकान बंद करायचं म्हटलं तरी फळ्याच पुऱ्या नव्हत्या. दोन-दोन झालं, आणि शेवटच्या शिट्टीला थोडाच वेळ असताना तीन-दोन. बुरूज तालमीचा गुलाल वाऱ्यानं आमच्या अंगावर आला. मी परत स्टँडमध्ये जाऊन आत्तीशेजारी बसले होते आणि ढसाढसा रडत होते. माझ्या आसपास सगळेच रडत होते, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. त्या सगळ्या गर्दीत आनंदानं रडणारी मी एकटी होते. आणि कप गेला म्हणून जिवाला लागलंही होतं, कारण नाना मैदानाच्या कडेला पाठ करून उभे होते आणि त्यांचे खांदे खाली आले होते.

गेटपाशी अविनाश माझ्याजवळ आला. त्याची आई आत्तीशी सुपारीच्या वेळेचं बोलत होती.

"पाणी गार होतं का?" त्यानं विचारलं.

मी पदर सावरला.

"मी वरून बघत होतो. ऐकू काही आलं नाही, पण तो नऊ नंबर लाल कार्ड बघून हसला, तेव्हा कळलं." चष्मा काढून तो शर्टाला पुसायला लागला. "आईला मी सांगतो, मुलगी जरा जास्त बोलते म्हणून. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "खरंच आहे ते."

तो हसला आणि आईला घेऊन निघून गेला. नंतर नाना खरोखरच इस्लामपूरला जाऊन त्याच्या आईच्या पाया पडून आले, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच संध्याकाळी तालमीत बैठक बसली. हरल्यावर बैठक बसायचीच, आणि बैठकीचा चहा आमच्या घरून जायचा. मी साडी बदलली, किटली घेतली आणि गेले. तालमीत बायका जात नाहीत, चहा जातो, म्हणून मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिले. मारुतीच्या फोटोखाली अध्यक्ष बाबासो सरनाईक बसले होते, समोर सगळी टीम, आणि एका बाजूला भिंतीला टेकून नाना.

"रावश्या," बाबासो म्हणाले, "दोन गोल तुझे. तुला काय बोलायचं जिवावर येतंय. पर एक पिवळं घेतल्यालं असताना थ्रो धरून कुणासंगं गप्पा मारत हुतास?"

रावसाहेबानं मान वर करायच्या आत नाना बोलले. "मी सांगितलंवतं. येळ काढ म्हणून."

"पिवळं असताना?"

"व्हय."

"रेफ्री समोर बघत असताना?"

"व्हय. चूक माझी."

मग बाबासो हळूच म्हणाले, कारण नाना वयानं मोठे होते, "नाना, पोरं तापलीवती. तिसरा घातला असता तर मॅच तितंच संपलीवती. तुम्ही दुकान बंद करून बसलासा आणि हातातला कप गेला."

"गेला," नाना म्हणाले.

नाना पुन्हा कधी कोच झाले नाहीत. मॅचला जायचे, पण गेटजवळच्या कोपऱ्यात उभे राहायचे. त्या दिवसापासून आमच्या पेठेत म्हणच पडली. टीम एका गोलनं पुढं गेली आणि जरा मागं सरकली, की स्टँडमधून कुणीतरी ओरडतं, "इंगवले नाना करू नका रं!" ज्यांनी नानांना बघितलंही नाही ती पोरं ओरडतात. मी शाळेत पीटी शिकवायचे, तिथंही मुलं एकमेकांना हेच म्हणायची, मी कुणाची कोण ते ठाऊक नसताना. पुढं असताना अटॅक सोडला की काय होतं, याचा दाखला म्हणून कोल्हापुरात ती मॅच सांगतात. माझं मत विचाराल तर दुकान बंद करणं चूकच, हे मी नानांना ताटातल्या शेंगदाण्यांवरून कितींदा सांगितलं होतं. पण ती मॅच दुकान बंद केल्यानं गेली नाही. सगळी टीम मागं बसलेली असताना एक गडी एकटाच पुढं आला, म्हणून गेली. हे पेठेत आम्हा तिघांनाच माहीत होतं. नाना तोंडावर चेष्टा सहन करायचे, हसायचे, आणि खिशातून सुपारी काढून चेष्टा करणाऱ्यालाच द्यायचे. आता ते नाहीत, म्हणून सांगते. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

त्या संध्याकाळी मात्र रावसाहेबाला ते सोसवेना. तो पोरांमध्ये मांडी घालून बसला होता, एकदा नानांकडं बघत होता, एकदा उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडं. खरं सांगितलं असतं तर सगळ्या पेठेनं इंगवल्यांच्या पोरीनं फायनल घालवली म्हणून मला नावं ठेवली असती आणि त्याला तालमीतच तुडवला असता. हे त्यालाही कळत होतं. तरी तो उठला.

"बाबासोआण्णा, मला कायतरी सांगायचंय. नानांची चूक न्हाई. मी तितं थ्रो धरून..."

"खाली बस," नाना म्हणाले.

"न्हाई नाना, मला सांगू द्या. तुम्ही उगंच..."

"मिळालंय न्हवं तुला?" नाना म्हणाले. "मग गप खाली बस."

रावसाहेब उभाच राहिला. बाबासोंनी बशी खाली ठेवली आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "काय मिळालंय त्याला?"

नाना उठून उंबऱ्यापाशी आले, माझ्या हातातली किटली घेतली आणि बाबासोंच्या कपात चहा ओतायला लागले.

"लाल कार्ड," ते म्हणाले.